गेमिंग माऊस घ्यायचाय? आधी फूटपट्टी काढा

माऊसच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेला आकडा डीपीआयचा, म्हणजे माऊस एक इंच सरकला की तो किती पावलं मोजतो त्याचा असतो. तो बघून माऊस घेणं म्हणजे मीटरवर २२० पर्यंत आकडे आहेत म्हणून गाडी घेण्यासारखं आहे. शूटर गेम मन लावून खेळणारी बहुतेक मंडळी ४०० ते १६०० डीपीआयच्या पलीकडे जात नाहीत, आणि तेवढं आज साध्या माऊसलाही जमतं. हातात नीट न बसणारा माऊस मात्र कुठल्याही सेटिंगने सुधारत नाही. म्हणून निवडताना क्रम असा ठेवा: आधी आकार, मग वजन, मग सेन्सर (माऊसच्या पोटातला, हालचाल टिपणारा डोळा), मग क्लिक आणि वायर. रंगीत दिवे सगळ्यात शेवटी. खेळताना त्यांच्यावर तुमचाच तळहात असतो.

हात मोजायची पद्धत

ज्या हाताने खेळता तो तळहात कागदावर सपाट ठेवा, बोटं जुळवून. मनगटावरच्या पहिल्या सुरकुतीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर ही लांबी. रुंदी मोजताना अंगठा सोडायचा. तर्जनीच्या मुळापासून करंगळीच्या मुळापर्यंत आडवं मोजा. लांबी १७ सेंमीच्या आत असेल तर हात लहान, १७ ते १९.५ मध्यम, त्याच्या पुढे मोठा असं ढोबळमानाने धरा.

आता पकड ओळखा. पूर्ण तळहात माऊसवर टेकत असेल आणि बोटं सरळ पसरलेली असतील तर ती पाम पकड. तळहाताचा मागचा भाग टेकलेला, पण बोटं पंज्यासारखी वाकलेली असतील तर क्लॉ. तळहात हवेत आणि फक्त बोटांची टोकं लागत असतील तर फिंगरटिप. इथे एक गंमत होते. ‘माझी पकड कुठली’ म्हणून मुद्दाम हात ठेवून बघितला की माणूस नेहमीसारखा धरतच नाही. दहा-पंधरा मिनिटं खेळून झाल्यावर, हात न हलवता, कुणाला तरी वरून आणि बाजूने मोबाईलवर फोटो काढायला सांगा. त्या फोटोत दिसते ती तुमची खरी पकड.

माऊसची लांबी हाताच्या लांबीच्या साधारण ६० टक्के असावी, असा एक जुना ठोकताळा आहे. म्हणजे हात १८.५ सेंमी असेल तर माऊस सुमारे ११ सेंमी. हा आकडा क्लॉ पकडीला बरा लागू पडतो. पाम पकड असेल तर त्यात एखादा सेंमी वाढवा, फिंगरटिप असेल तर थोडा कमी करा. उदाहरणादाखल, लॉजिटेकचा जी १०२ साधारण ११६.६ मिमी लांब, ६२ मिमी रुंद आणि ३८ मिमी उंच आहे. लहान-मध्यम हाताच्या क्लॉवाल्यांना तो छान बसतो. रेझरचा डेथॲडर व्ही ३ सुमारे १२८ मिमी लांब, ६८ मिमी रुंद आणि ४४ मिमी उंच आहे. २० सेंमीच्या हाताला पाम पकडीत तो आरामात भरतो. साडेसोळा सेंमीच्या हाताला तोच माऊस पाववाल्याकडून आणलेल्या लादीपावासारखा वाटेल.

लांबीपेक्षाही रुंदी जास्त त्रास देते, आणि तिच्यात फसगतही होते. कंपनी बहुधा माऊसची सगळ्यात रुंद जागा मोजून आकडा देते. तुम्हाला हवी असते ती अंगठा आणि अनामिका जिथे टेकतात तिथली रुंदी, जी बऱ्याचदा पाच-सात मिमीने कमी असते. माऊस अरुंद पडला की अनामिका आणि करंगळी पॅडवर घासत राहतात, बोटं आखडतात आणि तासाभरात अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागतं. फार रुंद पडला की उचलताना निसटतो, मग माणूस नकळत तो जोरात आवळतो. आवळलेल्या हाताने बारीक नेम लागत नाही.

तिसरी गोष्ट कुबड, म्हणजे पाठीचा सगळ्यात उंच भाग. तो मागच्या बाजूला असेल तर क्लॉ पकडीत तळहाताला टेकू मिळतो. मधोमध असेल तर पाम पकडीत हात भरतो. फिंगरटिपवाल्यांना कुबड जितकं बुटकं तितकं चांगलं, कारण काउंटर-स्ट्राइकसारख्या गेममध्ये रिकॉइल, म्हणजे गोळ्या झाडताना बंदुकीला बसणारा वरचा झटका, आवरायला माऊस खाली, म्हणजे आपल्या तळहाताकडे, ओढावा लागतो. तिथे मोकळी जागा नसेल तर माऊस तळहाताला अडतो आणि गोळ्या वर जात राहतात.

डावखुऱ्यांनी एक काळजी घ्यावी. आकार दोन्हीकडून सारखा असला तरी बाजूची बटणं बहुतेक वेळा फक्त डाव्या अंगाला, म्हणजे उजव्या हाताच्या अंगठ्याखाली असतात. फोटोत दोन्ही बाजू तपासल्याशिवाय घेऊ नका.

वजन: नाण्यांनी समजून घ्या

‘६० ग्रॅम’ आणि ‘१०० ग्रॅम’ यातला फरक वाचून कळत नाही, हाताला कळतो. दहा रुपयांचं एक नाणं साधारण पावणेआठ ग्रॅमचं असतं. घरातल्या माऊसच्या पाठीवर पाच नाणी चिकटपट्टीने लावा आणि अर्धा तास खेळा. जवळपास ४० ग्रॅमचा फरक म्हणजे काय ते मनगट सांगेल. लॉजिटेकचा जी ३०४ सेलसकट ९९ ग्रॅमचा आहे आणि त्यांचाच जी प्रो एक्स सुपरलाइट २ साठ ग्रॅमचा. दोघांत नेमकं एवढंच अंतर आहे.

तरी हलका म्हणजे सरसकट चांगला असं नाही. सेन्सिटिव्हिटी (माऊस हलवल्यावर गेममधली नजर किती वळते ती सेटिंग) कमी ठेवून पूर्ण हाताने माऊस फिरवणाऱ्यांना, वारंवार उचलून मागे ठेवणाऱ्यांना ५५ ते ७५ ग्रॅम फार सुखाचं जातं. फक्त मनगटाने खेळणाऱ्यांना, किंवा डोटासारखे अथवा शहरं बांधायचे गेम खेळणाऱ्यांना ८५ ते १०० ग्रॅम अजिबात जड नाही. उलट फार हलका माऊस सुरुवातीला नेम ओलांडून पुढे जातो. त्याला आठवडाभर द्यावा लागतो. आणि वजन कुठे आहे हेही बघा. दोन बोटांत मधोमध धरून उचलला की माऊस मागे झुकत असेल, तर सेल किंवा बॅटरी शेपटाकडे आहे.

सेलवर चालणाऱ्या माऊसचं वजन कमी करायला एक स्वस्त उपाय आहे. अल्कलाइन एए सेल साधारण २३ ग्रॅमचा असतो, तर लिथियमचा एएए सेल सुमारे साडेसात ग्रॅमचा. एएए चा एए करणारी प्लॅस्टिकची डबी मिळते, ती वापरली की तेरा-चौदा ग्रॅम सहज उतरतात. काही जण डबीऐवजी ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा कोंबतात. तो सैल झाला की संपर्क तुटून माऊस ऐन वेळी बंद पडतो, आणि सरकून दोन्ही टोकांना लागला तर सेल तापतो. डबीच घ्या.

सेन्सर: किती पुरे

सेन्सरचं नाव शोधा. ते खोक्यावर किंवा कंपनीच्या पानावर कुठेच नसेल, फक्त ‘हाय प्रिसिजन’ असं मोघम लिहिलेलं असेल, तर पुढे जा. पिक्सआर्ट या सेन्सर बनवणाऱ्या कंपनीचे ३३६०, ३३७०, ३३९५, ३९५० किंवा लॉजिटेकचा हीरो यापैकी काहीही असेल तर सेन्सरची चिंता तिथेच संपली. ३३९५ आणि ३९५० मधला फरक खेळताना तुम्हाला जाणवेल असं समजून जास्त पैसे मोजू नका. पिक्सआर्टचाच ३३२७ सारखा मधला सेन्सरही पहिल्या माऊसला भरपूर आहे.

डीपीआयपेक्षा आयपीएस हा आकडा कामाचा. सेन्सर एका सेकंदात किती इंच वेग पकडू शकतो, ते तो सांगतो. ४०० आयपीएस म्हणजे सेकंदाला दहा मीटर. एवढा हात कुणाचा फिरत नाही. साध्या ऑफिसच्या माऊसमध्ये हा आकडा ३०-६० च्या आसपास असतो, म्हणजे सेकंदाला पाऊण ते दीड मीटर. मागून कुणी आलं म्हणून तुम्ही झटक्यात वळता, हात दीड मीटरच्या पुढे जातो आणि सेन्सरला धरता येत नाही. मग नजर एकदम आभाळात किंवा जमिनीत जाते. याला स्पिन-आउट म्हणतात. लोक याचा दोष इंटरनेटला देतात.

पाचशे रुपयांच्या माऊसवर ७२०० डीपीआय लिहिलेलं दिसलं तर ते बहुधा सॉफ्टवेअरने फुगवलेलं असतं. सेन्सर एक पाऊल मोजतो आणि माऊस ‘दोन झाली’ असं कळवतो. त्यामुळे कर्सर मधले पिक्सेल गाळून उड्या मारतो.

डीपीआय खरा किती, ते घरी तपासता येतं. विंडोजमध्ये पॉइंटरचा वेग मधोमध, म्हणजे अकरापैकी सहाव्या खुणेवर ठेवा, ‘एनहान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद करा, डिस्प्ले स्केल १०० टक्के करा. पेंट उघडून १८०० पिक्सेल रुंद कॅनव्हास घ्या, झूम १०० टक्के. माऊस ८०० डीपीआयवर असू द्या. पॅडवर फूटपट्टी चिकटवा, तिच्या कडेला माऊस टेकवून बरोबर पाच सेंमी सरकवा आणि खालच्या पट्टीतले पिक्सेलचे आकडे सुरुवातीला आणि शेवटी टिपून घ्या. फरक १५७५ च्या जवळपास यायला हवा. तीन वेळा करून सरासरी काढा. पाच टक्के इकडेतिकडे चालतं. ११०० किंवा २२०० आला तर छापलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवायचं कारण उरत नाही.

सेन्सिटिव्हिटी आणि पॅडचं गणित

पूर्ण ३६० अंश वळायला माऊस किती सेंमी सरकवावा लागतो, हा खरा आकडा. तो एकदा काढला की माऊस बदलला, गेम बदलला तरी हाताची सवय मोडत नाही. ३६० ला २.५४ ने गुणा आणि आलेल्या संख्येला डीपीआय, गेममधली सेन्सिटिव्हिटी आणि गेमचा ठरलेला गुणक यांच्या गुणाकाराने भागा. काउंटर-स्ट्राइक २ चा गुणक ०.०२२ आणि वॅलोरंटचा ०.०७ आहे. काउंटर-स्ट्राइकमध्ये ८०० डीपीआय आणि सेन्सिटिव्हिटी १ असेल तर उत्तर सुमारे ५२ सेंमी येतं. तीच सवय वॅलोरंटमध्ये न्यायची तर सेन्सिटिव्हिटीला ३.१८ ने भागा. १ चे साधारण ०.३१४ होतात.

आता पॅड. ५२ सेंमीच्या हिशेबाने मागे वळायला, म्हणजे १८० अंशाला, २६ सेंमी लागतात. ४५ सेंमी रुंद पॅडच्या मध्यावर माऊस असेल तर एका बाजूला साडेबावीस सेंमीच आहेत, म्हणजे प्रत्येक वेळी मध्येच उचलावं लागणार. सेन्सिटिव्हिटी १.२ केली तर तेच अंतर २१.६ सेंमी होतं आणि बसतं. नवा माऊस घेताना जुन्या २२ × १८ सेंमीच्या फुकट मिळालेल्या पॅडवर तो वापरायचा असेल, तर माऊसचे पैसे थोडे कमी करून मोठा पॅड घ्या. खेळात जास्त फरक पॅडने पडेल.

काचेच्या टेबलावर बहुतेक सेन्सर चालत नाहीत. चकचकीत सनमायकावर चालतात, पण मधूनच थरथरतात, आणि खालचे टेफ्लॉनचे पाय लवकर घासतात. कापडी पॅडला कोकणात, मुंबईत पावसाळ्यात दमटपणा धरतो आणि सरकणं जड होतं. तेव्हा माऊस बिघडला असं समजू नका. पॅड कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब घालून हाताने धुवा, सपाट ठेवून पंख्याखाली वाळवा. वॉशिंग मशिनमध्ये टाकला तर खालचं रबर सुटतं.

वायर की वायरलेस

गेमिंगच्या चांगल्या वायरलेस माऊसचा उशीर आता वायरच्या माऊसएवढाच आहे, पण तो २.४ गिगाहर्ट्झच्या डोंगलवर, म्हणजे यूएसबीत खोचायच्या छोट्या रिसीव्हरवर. ब्लूटूथ ऑफिसच्या कामाला ठेवा. ब्लूटूथवर माऊस साधारणपणे सेकंदाला १२५ वेळाच हजेरी लावतो, आणि उशीरही जास्त.

वायरलेस घेतला आणि कर्सर अडखळतो, ही तक्रार आली की आधी डोंगल कुठे आहे ते बघा. बऱ्याचदा तो कॅबिनेटच्या मागे, टेबलाखाली, यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टमध्ये असतो. यूएसबी ३ च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो. शेजारी हार्ड डिस्क चालू असली की आणखी. डोंगल एक्स्टेंशन वायरला लावून माऊसपासून २०-३० सेंमीवर पॅडच्या वरच्या कडेला ठेवा. बऱ्याच तक्रारी तिथेच मिटाव्यात.

वायरचा घ्यायचा तर वायर हातात घेऊन बघा. बुटाच्या नाडीसारखी मऊ, सैल विणीची असेल तर उत्तम. जाड, कडक विणीची वायर टेबलाच्या कडेला अडकून माऊस मागे ओढते. असा माऊस आधीच घरात असेल, तर मॉनिटरच्या पायाला वायर चिकटपट्टीने बांधा आणि पुढे २५-३० सेंमी ढिली सोडा.

पोलिंग रेटचं, म्हणजे माऊस सेकंदाला किती वेळा माहिती पाठवतो त्याचं, थोडक्यात सांगायचं तर १००० हर्ट्झ पुरे. १२५ वर माऊस दर ८ मिलिसेकंदांनी माहिती देतो, १००० वर दर १ मिलिसेकंदाने. हा फरक कळतो. ८००० वर दर ०.१२५ मिलिसेकंदाने देतो, म्हणजे फायदा एका मिलिसेकंदाहूनही कमी. तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर तो नवं चित्रच दर १६.७ मिलिसेकंदांनी दाखवतो. शिवाय ८००० वर जुन्या प्रोसेसरवर ताण येऊन गेम अडखळतो आणि वायरलेसची बॅटरी झपाट्याने उतरते.

क्लिक आणि चाक

माऊस बहुतेक वेळा सेन्सरने मरत नाही, डाव्या क्लिकने मरतो. साध्या यांत्रिक स्विचमध्ये तांब्याची बारीक पट्टी दुसऱ्या टोकाला टेकते. झीज झाली, टोकावर गंज किंवा मळ धरला की एका दाबण्यात ती दोनदा टेकते आणि डबल क्लिक होतो. समुद्राकाठच्या दमट हवेत याची शक्यता वाढते. ऑप्टिकल स्विचमध्ये पट्टी प्रकाशाचा किरण सोडते किंवा अडवते. तिथे विजेचा संपर्क नसल्यामुळे हा रोग होत नाही. रोज चार-पाच तास खेळणार असाल तर ऑप्टिकल स्विचचे थोडे जास्त पैसे मोजावेत. ‘५ कोटी क्लिक’, ‘८ कोटी क्लिक’ हे स्विच बनवणाऱ्याचे आकडे असतात. ते प्रयोगशाळेतल्या यंत्राच्या बोटाचे, घामेजल्या बोटाचे नव्हेत.

माऊस जुना असेल आणि डबल क्लिक सुरू झाला असेल, तर सॉफ्टवेअरमध्ये डिबाउन्स नावाची सेटिंग आहे का बघा; एका क्लिकनंतर किती वेळ दुसरा क्लिक मोजायचा नाही, ते ती ठरवते. ती २-४ वरून ८-१० मिलिसेकंदांवर नेली की काही महिने काढता येतात. उलट नव्या माऊसवर ती शून्यावर ठेवण्याचा मोह टाळा. माऊस उचलून पॅडवर जरा जोरात टेकला तरी आपोआप गोळी सुटते.

हातात आल्यावर पहिल्या दोन दिवसांत

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत घेत असाल तर दुकानातच खोकं उघडून हात ठेवून बघा. ऑनलाइन घेतलात तर पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा आणि परत करायची मुदत संपायच्या आत हे सगळं करून टाका.

माऊस कानाजवळ धरून हलवा. चाकाचा हलका खडखडाट चालतो, आत सुटं काही वाजायला नको. दोन्ही बाजूंनी नेहमीपेक्षा थोडं जोरात दाबा; कवच करकरलं किंवा बाजूचं बटण आपोआप दाबलं गेलं तर परत करा. मग डेस्कटॉपवरच्या एखाद्या फोल्डरवर एकेक क्लिक करा, सावकाश, पन्नास वेळा. एकदाही फोल्डर उघडलं तर स्विच सदोष. एखादी फाइल धरून अर्धा मिनिट स्क्रीनभर फिरवा, मध्येच सुटायला नको. लांब पानावर चाक एकेक खाच खाली फिरवा. पान एकदा जरी उलटं वर सरकलं तर चाकाचा एन्कोडर (फिरणं मोजणारा भाग) खराब आहे, आणि तो पुढे सुधारत नाही.

माऊस उचलल्यावर किती उंचीपर्यंत वाचत राहतो, ते बघायला जुनी सीडी काढा. सीडी १.२ मिमी जाड असते. सेन्सर मधल्या भोकावर येईल अशा बेताने माऊस सीडीवर ठेवा आणि सीडीसकट सरकवा. कर्सर हलला नाही तर लिफ्ट-ऑफ, म्हणजे ही उंची, उत्तम. हलला तर दुसरी सीडी खाली घाला; दोन सीड्यांवरही हलत असेल तर दर वेळी माऊस उचलताना नेम सरकणार. आधी सॉफ्टवेअरमध्ये ही उंची १ मिमी करता येते का बघा.

नामांकित माऊस अर्ध्या किमतीत मिळाला असेल तर त्या कंपनीचं सॉफ्टवेअर टाकून जोडा. नकली माऊस तिथे बहुधा ओळखलाच जात नाही. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. तो नसेल तर वॉरंटीच्या वेळी वाद होतात.

शेवटचं, विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमध्ये ‘ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस’ आणि त्यात ‘माऊस’ उघडून ‘एनहान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद आहे ना बघा. ते चालू असेल तर हात तेवढाच हलूनही वेगाप्रमाणे कर्सर कमी-जास्त जातो. डीपीआय ८०० किंवा १६०० वर ठेवून ते माऊसच्या मेमरीत साठवा, डीपीआयच्या बाकीच्या पायऱ्या काढून टाका. नाहीतर ऐन झटापटीत बोट चाकामागच्या डीपीआयच्या बटणावर पडतं आणि बंदूक वेड्यासारखी फिरते. पुढे कधी कर्सर अचानक थरथरायला लागला तर माऊस उलटा करून सेन्सरच्या भोकात बघा. एखादा केस अडकलेला असतो. चिमट्याने काढा, फुंकर मारू नका, थुंकीचे शिंतोडे भिंगावर बसतात.